कोहा: सात वर्षांच्या देवघेवीनंतर

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोहा हे ग्रंथालयाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सुरू होऊन सात वर्षं झाली. तेवढ्या काळात इतर ग्रंथपालांचे मला पन्नासेक फोन तरी आले असतील. पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, ते फुकट आहे ना?" दुसराही ठरलेला: "मग गोम काय आहे त्यात?" उत्तर देता देता अर्धा तास जातो आणि समोरच्याचं समाधान काही होत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. यापुढे फोन आला की हेच पाठवायचं.

मी ग्रंथपाल आहे, संगणकवाली नाही. सात वर्षांपूर्वी सर्व्हरबद्दल माझं ज्ञान एवढंच होतं की तो संगणक विभागाच्या कुलूपबंद खोलीत असतो आणि त्याला थंड हवा लागते. साडेबासष्ट हजार दाखल पुस्तकं, साडेतीन हजार विद्यार्थी, देवघेव काउंटरवर दोन माणसं, तालिकीकरणाला, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करायला, मी आणि एक सहायक, एवढा आमचा संसार. मोठ्या विद्यापीठाच्या मापाने हा अभिप्राय वाचू नका.

आधी जे सॉफ्टवेअर होतं ते एका छोट्या कंपनीचं. नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कंपनीने वेगळं काही केलं असतं असं मला वाटत नाही. अकरा वर्षं आम्ही दरवर्षी न चुकता देखभाल करार केला. मग एके दिवशी काउंटरवरचा संगणक बदलला, नव्या विंडोजवर ते सॉफ्टवेअर उघडेना, आणि कंपनीने सांगितलं की नवी आवृत्ती घ्या. म्हटलं ठीक आहे, विचार करतो, तोवर आमचा डेटा तेवढा द्या. तीन आठवड्यांनी एक पीडीएफ आली. दोन हजार नऊशे पानांची. दाखल नोंदवही जशीच्या तशी, छापील तक्त्यात. फोन केला तर तिकडून उत्तर, "मॅडम, सगळा डेटा आहे त्यात, बघा ना."

सगळा होता खरा. फक्त बघताच येणार होता.

बरीच पत्रापत्री झाल्यावर एक एक्सेल फाइल मिळाली. त्यात लेखक आणि शीर्षक एकाच रकान्यात, मध्ये तिरकी रेघ. मराठी शीर्षकं तर युनिकोड येण्याआधीच्या कुठल्याशा फाँटमध्ये टंकलेली, त्यामुळे दुसऱ्या फाँटमध्ये उघडली की नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती जोडाक्षरांशी अडखळतात. "धर्म"चा "धमर्" झाला, रफार पुढच्या अक्षराच्या बोकांडी. पहिली वेलांटी एक घर सरकली. असली साडेनऊ हजार शीर्षकं आम्ही दोघींनी चार महिने बसून हाताने तपासली. हे सगळं कोहा आणण्याच्या आधीचं काम. याचा खर्च कोणत्याही प्रस्तावात कोणी दाखवत नाही, आम्हीही दाखवला नव्हता.

आता मुद्द्याचं. कोहा हे ग्रंथालय व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर आहे. खरेदी, तालिका, देवघेव, नियतकालिकं, सभासद, अहवाल आणि वाचकांना घरबसल्या शोधता येईल असा ओपॅक, म्हणजे ऑनलाइन तालिका, सगळं ब्राउझरमध्ये चालतं. काउंटरच्या संगणकावर वेगळं काही बसवावं लागत नाही, त्यामुळे संगणक बदलला म्हणून ग्रंथालय बंद पडत नाही. आमच्यासाठी एवढंच पुरेसं होतं.

समितीपुढे प्रस्ताव ठेवला तेव्हा एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "पण हे बिघडलं तर जबाबदार कोणाला धरायचं?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, सर, आत्ता कंपनी आहे, करार आहे, सही-शिक्का आहे, आणि आपल्या हातात पीडीएफ आहे. त्यावर कोणी काही बोललं नाही. प्रस्ताव मंजूर झाला तो मात्र माझ्या युक्तिवादाने नाही, "शून्य" या आकड्याने. त्या शून्याचं पुढे काय झालं ते येईलच.

कोहाची गोष्ट मला पहिल्यापासून आवडते. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ ग्रंथालय न्यासाकडे जी जुनी प्रणाली होती ती २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. बाजारातलं परवडेना किंवा सोयीचं पडेना, म्हणून त्यांनी १९९९ मध्ये कातिपो नावाच्या छोट्या कंपनीकडून स्वतःपुरतं सॉफ्टवेअर करून घेतलं. जानेवारी २००० मध्ये ते चालू झालं, आणि मग त्यांनी ते जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कोणीही वापरा, बदला, वाटा या मुभेने, सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. तेव्हा त्यात मार्क, म्हणजे पुस्तकाची नोंद क्रमांक दिलेल्या ठरावीक रकान्यांत लिहायची ग्रंथालयांची प्रमाण पद्धत, नव्हतं. ते अमेरिकेतल्या ओहायोमधल्या नेल्सनव्हिल इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने पुढच्या दोन-तीन वर्षांत करवून घेतलं. म्हणजे आज मी ज्या चौकटीत नोंद भरते ती कुठल्याशा दुसऱ्या ग्रंथालयाने आपल्या गरजेपोटी पदरमोड करून बनवलेली आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, पण परतफेडीची जाणीव ठेवून घ्यायची भेट. आपल्याकडे सर्क्युलेशनला "देवघेव" म्हणतात, त्यातही "देव" आधी आहे. असो, हे विषयांतर.

बसवणं अवघड आहे का? डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, असेल तर नाही. संगणक विभागातल्या एका मुलाने, नुकताच पास होऊन लागला होता, एका दुपारी बसवून दिलं. चार वाजता त्याने मला पडदा दाखवला, मी खूश. मग त्याने विचारलं, "मॅडम, सर्क्युलेशन रूल्स काय टाकू?" तिथून पुढे तीन महिने गेले.

कोहात देवघेवीचा नियम तीन गोष्टींवर ठरतो: सभासदाचा प्रकार, पुस्तकाचा प्रकार आणि शाखा. पदवीचा विद्यार्थी, पाठ्यपुस्तक, मुख्य ग्रंथालय: किती पुस्तकं, किती दिवस, किती वेळा मुदतवाढ, दंड किती, सवलतीचे दिवस किती. असा प्रत्येक जोडीचा एक नियम, एकेक ओळ. नेमका नियम नसेल तर ते अधिक ढोबळ नियमाकडे जातं. आम्ही बसलो तेव्हा कळलं की आमचे नियम कुठे लिहिलेलेच नाहीत. "संशोधक विद्यार्थ्याला किती देतो आपण?" काउंटरवरचे काका म्हणाले, "बघून देतो." बघून म्हणजे? "म्हणजे कोण आहे ते बघून." कोहाला हे सांगता येत नाही. शेवटी ग्रंथालय समितीची बैठक घेऊन नियमावली करावी लागली. जुनी प्रणालीही आम्ही वाकवून वापरत होतो, पण तिच्यात नियमच मोजून चार होते, म्हणून आपण नियमाबाहेर वागतोय हे कधी उघडं पडलं नव्हतं.

पहिल्याच वर्षीचा घोळ सांगते, कारण हा घोळ मला फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी केला आहे. कोहात "कॅलेंडर" नावाचं एक साधन आहे. त्यात साप्ताहिक सुट्टी, दरवर्षी त्याच तारखेला येणारी सुट्टी आणि एकेकटी सुट्टी अशा वेगवेगळ्या भरायच्या. आम्ही साप्ताहिक भरली आणि झालं असं समजलो. सत्र संपल्यावर ग्रंथालय एकवीस दिवस बंद होतं. दंड मोजणारं काम मात्र रोज रात्री सर्व्हरवर आपोआप चालतं, त्याला कुलूप दिसत नाही. उघडलो त्या सकाळी काउंटरपुढे रांग. पहिल्या मुलीचं कार्ड स्कॅन केलं, लाल पट्टी. दुसऱ्याचं, लाल पट्टी. दंड साचला होताच, शिवाय थकबाकी एका मर्यादेपलीकडे गेली की नवं पुस्तक देऊ नकोस असंही एक सेटिंग आम्हीच हौसेने चालू केलं होतं. तीनशेच्या वर मुलं अडकली. काकांनी माझ्याकडे बघितलं, खणातून वही काढली आणि पेनाने देवघेव सुरू केली. मी आणि सहायक दोन दिवस एकेक खातं उघडून दंड माफ करत बसलो. चूक कोहाची नव्हती, माझी होती. पण एवढं महत्त्वाचं साधन टूल्सच्या लांबलचक पानावर इतर डझनभर साधनांच्या रांगेत असतं, आणि बसवताना कोणी हाताला धरून तिथे नेत नाही, हेही खरं. आता वर्षाच्या सुरुवातीला शैक्षणिक दिनदर्शिका हातात आली की पहिलं काम तेच.

तालिकीकरणावर मात्र मी बेहद्द खूश आहे. झेड ३९.५० नावाची जुनी पण भक्कम सोय आहे: आयएसबीएन टाकायचा, जगातल्या मोठ्या ग्रंथालयांच्या तालिकेत शोधायचं, नोंद सापडली की उचलून आपल्याकडे घ्यायची. इंग्रजी पाठ्यपुस्तकाची नोंद करायला पूर्वी मला पंधरा मिनिटं लागायची, आता दोन लागतात. मार्कच्या २४५ या रकान्यात शीर्षक, १०० मध्ये लेखक, ०८२ मध्ये ड्यूई वर्गीकरण पद्धतीचा वर्गांक, सगळं तयार येतं. आपण फक्त ९५२ भरायचं, म्हणजे आपल्या प्रतीची माहिती: दाखल क्रमांक, बारकोड, बोधांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक), तारीख. मराठी पुस्तकांच्या नोंदी लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मिळतात, पण शीर्षक रोमन लिपीत, अक्षरांवर टिंबं आणि रेघा देऊन लिहिलेलं. ती नोंद घेऊन शीर्षक देवनागरीत लिहिणं हे नव्याने सगळं भरण्यापेक्षा सोपं, तरी प्रत्येक पुस्तकाला हात लावावा लागतोच.

जुन्या एक्सेलवरून मार्क बनवायला आम्ही मार्कएडिट वापरलं. गंमत अशी की मार्कएडिट फुकट आहे पण मुक्तस्रोत नाही. पैसे लागत नाहीत, पण आतला कोड बघायला मिळत नाही. "फुकट" आणि "मुक्त" यांतला फरक समितीला समजावताना मला हेच उदाहरण कामी आलं. उलट बाजूने, कोहासाठी आम्ही आता वर्षाला पैसे मोजतो आणि तरी ते मुक्त आहे.

शोधाबद्दल तक्रार आहे. कोहात शोधासाठी झेब्रा नावाचं इंजिन आपोआप बसतं. मूळ मांडणीत ते देवनागरीशी नीट वागत नाही. अनुक्रमणिका आयसीयू या, युनिकोडमधल्या लिप्या समजणाऱ्या, पद्धतीने करायला सांगावी लागते, एका फाइलमधली ओळ बदलून, आणि मग सगळ्या नोंदींची अनुक्रमणिका नव्याने करावी लागते. हे आम्हाला आठ महिन्यांनी कळलं. तोवर मुलं येऊन सांगायची की पुस्तक ओपॅकवर नाही, आणि पुस्तक कपाटात माझ्या समोर असायचं. आयसीयू केल्यावर खूप फरक पडला, पण ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न राहिलाच. "कीर्ती" आणि "किर्ती" हे त्याच्या लेखी दोन वेगळे शब्द. मुलं काय टंकतील सांगता येत नाही आणि जुन्या नोंदी करणाऱ्यांनी काय टंकलं होतं तेही सांगता येत नाही. इलॅस्टिकसर्च हे दुसरं शोध-इंजिन जोडायची सोय आहे, तिच्यात सुधारणेला जास्त वाव आहे म्हणतात, पण तिला जेवढी मेमरी लागते तेवढी आमच्या सर्व्हरमध्ये नव्हती. अजून नाही.

अहवाल हा कोहाचा सगळ्यात ताकदीचा भाग आणि नवख्याला सगळ्यात घाबरवणारा. तयार अहवाल आहेत, पण खरी मजा एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत आहे. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय शिकले. अहवालाच्या खिडकीतून डेटा फक्त वाचता येतो, बदलता किंवा पुसता येत नाही, त्यामुळे भीती नाही. मूल्यांकनाला येणाऱ्या समित्यांचे प्रश्न तुम्हाला माहीत आहेतच: पाच वर्षांत विषयवार किती शीर्षकं, किती प्रती, किती वापर. शीर्षकं एका तक्त्यात, प्रती दुसऱ्या, हे एकदा डोक्यात बसलं की तासाभराचं काम. वापराच्या आकड्यात मी पहिल्यांदा आपटले. इश्यूज नावाच्या तक्त्यातून वर्षाची देवघेव मोजली, आकडा आला नऊशे. प्राचार्य म्हणाले, एवढंच? मलाही धक्का बसला. मग कळलं की त्या तक्त्यात फक्त आत्ता बाहेर असलेली पुस्तकं असतात. पुस्तक परत आलं की ती ओळ ओल्ड इश्यूज या दुसऱ्या तक्त्यात जाते. दोन्ही मिळून मोजल्यावर जीव भांड्यात पडला. एक मात्र सांगते, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा चुकलाय हे मला कधी कळलंच नसतं, कारण तो कसा काढला हे बघायची सोय नव्हती.

लेबलं छापण्याच्या साधनाबद्दल मी चांगलं काही लिहू शकत नाही. टेम्प्लेट वेगळं, लेआउट वेगळा, प्रिंटरचं प्रोफाइल वेगळं, आणि तिन्हींतली मापं जुळली तरच बोधांक चिकटपट्टीच्या मधोमध येणार. सात वर्षांत आमच्या पानाची शेवटची ओळ एकदाही सरळ आलेली नाही. आम्ही ती ओळ कोरी सोडतो. नियतकालिकांचा भागही असाच: अंक कधी येणार याचं भाकीत तो छान करतो, जर नियतकालिक नियमित असेल तर. आमची निम्मी त्रैमासिकं दोन अंक एकत्र काढतात. खरेदीचा विभाग आम्ही सोडूनच दिला. अंदाजपत्रक, निधी, विक्रेता, मागणी, पावती, एवढ्या पायऱ्या चार माणसांच्या ग्रंथालयाला झेपत नाहीत.

आता त्या मुलाबद्दल. सर्व्हर त्याने बसवला, अपग्रेड तोच करायचा, बॅकअपचंही तोच बघायचा. दोन वर्षांनी त्याला चांगली नोकरी लागली आणि तो गेला. जाताना त्याने चार पानांची टिपणं लिहून दिली, फार प्रामाणिकपणे. त्यात पासवर्ड होते, आज्ञा होत्या, सगळं होतं. ती वाचून कळणारं माणूस नव्हतं. कोहाची नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. आमची पुढची दोन वर्षं जिथे होती तिथेच राहिली. चालत होतं ना? चालतंय तोवर हात लावू नये, असं संगणक विभागाचं धोरण, आणि खरं सांगायचं तर माझंही.

मग ऐन परीक्षेच्या तोंडावर सर्व्हरची डिस्क गेली.

कोहा रोज रात्री स्वतःचा बॅकअप घेतो, हे मला माहीत होतं आणि मी ते सगळ्यांना अभिमानाने सांगायचे. मला हे माहीत नव्हतं की मूळ मांडणीत तो फक्त दोन दिवसांचे बॅकअप ठेवतो आणि त्याच यंत्रावर ठेवतो. डिस्क गेली, बॅकअपही तिच्याबरोबर गेला. वाचलो ते दोन गोष्टींमुळे. संगणक विभागातल्या एका बाईंनी दुसऱ्याच कामासाठी त्या फोल्डरची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घेतली होती, अकरा दिवसांपूर्वी. आणि काका. दंडाचा घोळ झाल्यापासून त्यांनी वही बंद केलीच नव्हती. कार्ड स्कॅन करायचे आणि शेजारी वहीत दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, तारीख लिहायचे. मी कितीदा सांगितलं, काका, दुप्पट काम कशाला? ते म्हणायचे, "असू द्या मॅडम." मला तो हट्टीपणा वाटायचा. त्या अकरा दिवसांची सातशे चाळीस देवघेवींची नोंद आम्ही त्या वहीतून पुन्हा भरली. एकही पुस्तक हरवलं नाही. काकांनी यावर काही म्हटलं नाही, फक्त नवी वही मागून घेतली.

आता रोजचा बॅकअप दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावर जातो, आणि दर तीन महिन्यांनी मी एका सुट्या संगणकावर तो परत उभा करून बघते. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची. पहिल्यांदा उभा केला तेव्हा सभासदांचे फोटो होते, पण ओपॅकवर चढवलेले प्रश्नपत्रिकांचे संच गायब. ते वेगळ्या फोल्डरमध्ये होते आणि बॅकअपमध्ये जातच नव्हते.

या प्रसंगानंतर समितीच्या त्या शून्याचं काय झालं ते सांगते. आम्ही कोहाचं काम करणाऱ्या एका संस्थेशी देखभालीचा करार केला. म्हणजे पुन्हा करार, पुन्हा वार्षिक रक्कम. ज्येष्ठ सर म्हणाले, "मग फरक काय पडला?" फरक मी त्यांना दुसऱ्या वर्षी दाखवला, जेव्हा ती संस्था फोन उचलेनाशी झाली आणि आम्ही दुसरी घेतली. सॉफ्टवेअर तेच, डेटा तोच, काउंटरवरच्या माणसांना काही कळलंही नाही. निघून जाणाऱ्या संस्थेने डेटा दिला का, हा प्रश्नच उद्भवला नाही. तो आमच्याच खोलीत होता.

तुंबलेलं अपग्रेड नव्या माणसांनी एका रात्रीत केलं. आवृत्त्या वगळून थेट पुढे जाता येतं, तो त्रास नाही. ओपॅकवर त्या मुलाने हौसेने केलेली सगळी सजावट मात्र कोसळली, कारण मधल्या काळात पानांची आतली रचना बदलली होती. बोधचिन्ह तळाला गेलं, शोधाची पेटी अर्धी झाली. आम्ही सजावट काढून टाकली. कोणीही तक्रार केली नाही, यावरून सजावटीची गरज किती होती ते कळलं.

एक अनुभव मुद्दाम लिहिते. सभासदाच्या पडद्यावर मुदतवाढीची तारीख चुकीची दिसण्याचा एक दोष आम्हाला सापडला. करारवाल्यांनी सांगितलं की तो जगात आधीच कोणीतरी नोंदवलाय आणि दुरुस्तीही लिहिली गेलीय, पण कोहात दुरुस्ती घ्यायची तर लिहिणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी ती तपासून सही द्यावी लागते, मग गुणवत्ता बघणारे लोक पुन्हा तपासतात. ती तपासायला प्रोग्रॅमर असणं जरूर नाही. चाचणीसाठी तयार कोहा मिळतो, त्यात दुरुस्ती चढवून पावलं करून बघायची. मी दीड तास बसले, सात पावलं केली, चाललं असं लिहून माझं नाव घातलं. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्ती आली. अकरा वर्षं करार भरून जुन्या कंपनीकडून मी एक बटणही सरकवून घेऊ शकले नव्हते.

कोहाच्या यशावर हुरळून महाविद्यालयाने आणखी दोन गोष्टी आणल्या. मूडल हे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायचं सॉफ्टवेअर, जे पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये काढलं, ते बसलं आणि टिकलं, कारण गणित विभागातल्या एका बाईंना त्याचं वेड लागलं. त्यांचा विभाग सोडला तर बाकीचे अभ्यासक्रम तिथे रिकाम्या वर्गासारखे पडून आहेत. संशोधन प्रबंधांसाठी डीस्पेस आणलं, ते आम्हाला झेपलं नाही. मागचा भाग जावामध्ये, सातव्या आवृत्तीपासून पुढचा भाग वेगळा, अँग्युलरमध्ये, दोन्ही वेगवेगळे सांभाळायचे. आमच्याकडे तेवढं मनुष्यबळ नव्हतं. दीडशे प्रबंध चढवून ते बंद केलं. एमआयटीसारख्या ठिकाणी जन्मलेलं सॉफ्टवेअर आपल्या दोन खोल्यांच्या संगणक विभागात आणताना हे आधी बघायला हवं होतं.

तर, घ्यावं का? पुस्तकं पाच हजारांच्या आत असतील आणि ग्रंथपाल एकटाच असेल तर थांबा, याहून लहान साधनं पुरतील. संस्थेने "फुकट आहे" एवढंच ऐकून होकार दिला असेल तरी थांबा, कारण पहिल्या बिघाडाच्या दिवशी तोच होकार तुमच्या अंगावर येईल. देखभालीची रक्कम आणि एका माणसाचे आठवड्याचे काही तास हे दोन्ही प्रस्तावात लेखी असू द्या, आणि माणूस एक नको, दोन हवेत. एवढं होणार असेल तर बेलाशक घ्या. लेबलाची शेवटची ओळ कोरी सोडा. कॅलेंडर भरा.

आमचं पुढचं अपग्रेड परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी आहे. काका त्याच आठवड्यात निवृत्त होतायत. त्यांच्या जागी आलेल्या मुलीला ते गेले दोन दिवस काउंटरवर शेजारी बसवून शिकवतायत. काल बघितलं तर तिच्या पुढ्यात स्कॅनर होता, आणि डाव्या हाताला रेघा मारलेली नवी वही.